मुळे, चॉकलेट आणि इच्छाशक्ती : १९८ चाचण्यांचा आधार असलेला सिद्धांत का डळमळला

क्लीव्हलंडच्या केस वेस्टर्न रिझर्व्ह विद्यापीठात झालेला एक प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाला. प्रयोगशाळेत छोट्या ओव्हनमध्ये चॉकलेट चिप कुकीज भाजल्या होत्या. मुद्दाम तिथेच भाजल्या, कारण खोलीत शिरताच वास यायला हवा होता. एकूण ६७ विद्यार्थी होते आणि त्यांना आधीचं जेवण न करता यायला सांगितलं होतं. टेबलावर एकीकडे कुकीज आणि चॉकलेट, दुसरीकडे मुळे. काहींना सांगितलं की तुमच्या वाट्याला फक्त मुळे, काहींना फक्त चॉकलेट. मग त्यांना पाच मिनिटं एकटं सोडलं आणि एकतर्फी काचेतून पाहिलं. तिसऱ्या गटाला खाण्याचं काहीच दिलं नाही. त्यानंतर सगळ्यांना कोडी दिली: पेन्सिल न उचलता आणि एकदा काढलेली रेघ पुन्हा न गिरवता आकृती पुरी करायची. या आकृत्या पुऱ्या होऊच शकत नव्हत्या. कोण किती वेळ चिकटून राहतो, एवढंच मोजायचं होतं.

मुळे खाणारे सरासरी ८.३५ मिनिटांत थांबले. चॉकलेट खाणारे १८.९० मिनिटं टिकले आणि काहीच न खाल्लेले २०.८६ मिनिटं.

रॉय बाउमाइस्टर, एलेन ब्रॅट्स्लाव्हस्की, मार्क मुरावेन आणि डायॅन टाइस यांनी यावरून, आणि त्याच लेखातल्या आणखी तीन प्रयोगांवरून, मांडलेला सिद्धांत असा: आत्मसंयमाची सगळी कामं एकाच मर्यादित साठ्यावर चालतात. मोह आवरला, भावना दाबली किंवा कठीण निवड केली की तो साठा खर्च होतो आणि पुढच्या, अगदी वेगळ्या कामातही माणूस लवकर हात टेकतो. या अवस्थेला त्यांनी ‘ईगो डिप्लिशन’ म्हटलं. पुढची जवळजवळ पंधरा वर्षं सामाजिक मानसशास्त्रात इतक्या प्रयोगांचं पाठबळ मिळालेले सिद्धांत मोजकेच असतील. प्रयोगातला पुरावा सिद्धांताला नेमका कसा आधार देतो आणि भरपूर पुरावा असूनही तो आधार कुठे पोकळ निघतो, हे समजून घ्यायला यासारखं दुसरं प्रकरण सापडणं कठीण आहे.

मिनिटांपासून साठ्यापर्यंत

आठ मिनिटं आणि एकोणीस मिनिटं हा मोजलेला फरक आहे. ‘साठा संपला’ हा निष्कर्ष आहे. या दोहोंमध्ये किमान चार पायऱ्या आहेत आणि प्रत्येक पायरी स्वतंत्रपणे निसटू शकते.

पहिली पायरी म्हणजे ‘आत्मसंयम’ या संकल्पनेची कार्यात्मक व्याख्या. इथे ती होती ‘कुकीजचा वास येत असताना मुळा खाणं’. पण ज्याला गोड आवडत नाही, त्याने यात कसला संयम केला? दुसरी पायरी परिणामाच्या मापाची. न सुटणाऱ्या कोड्यावर जास्त वेळ घालवणं हे संयमाचं लक्षण मानलं गेलं. हे कोडं सुटणारं नाही असं ओळखून लवकर थांबणारा माणूस मात्र कदाचित जास्त विचारी असेल. तिसरी पायरी, दोन गटांत दुसरा कोणताही फरक नसणं. समोर चॉकलेट असताना मुळा खायला लावल्याचा राग हाही फरकच आहे. संशोधकांना याची जाणीव होती. म्हणूनच तिसरा गट ठेवला होता आणि मनःस्थिती, थकवा यांचे प्रश्नही विचारले होते. चौथी पायरी आकड्यांची: दिसलेला फरक केवळ योगायोगाने कोणत्या गटात कोण पडलं यातून आलेला नाही, हे दाखवणं.

एकच प्रयोग या चारही पायऱ्या एकट्याने पेलू शकत नाही. त्यासाठी मानसशास्त्रात एक चांगली रीत आहे: तीच कल्पना वेगवेगळ्या कामांनी तपासायची. कुणी मुळ्याऐवजी दुःखद चित्रफीत दाखवून चेहरा कोरा ठेवायला लावतं, तर कुणी कोड्याऐवजी हाताची पकड किती सेकंद टिकते ते मोजतं. सगळ्यांचा निकाल एकाच दिशेने आला, तर मुळ्याच्या चवीची किंवा कोड्याच्या स्वरूपाची शंका गळून पडते. ईगो डिप्लिशनच्या बाबतीत हे मोठ्या प्रमाणावर झालं. २०१० साली मार्टिन हॅगर आणि सहकाऱ्यांनी ८३ प्रकाशित अभ्यासांमधल्या १९८ चाचण्या एकत्र करून मेटा-अॅनालिसिस केलं. परिणामाचा सरासरी आकार आला डी = ०.६२. म्हणजे दोन गटांच्या सरासरींमधलं अंतर प्रमाण विचलनाच्या (गुण सरासरीभोवती किती पसरले आहेत त्या मापाच्या) जवळजवळ दोन तृतीयांश. मानसशास्त्रात हा आकार मध्यम ते मोठा समजला जातो.

०.६२ हा आकडा जवळून पाहू

दोन गटांत प्रत्येकी २२ जण आहेत असं धरा. मुळ्याच्या प्रयोगात ६७ जणांचे तीन गट म्हणजे साधारण एवढेच होतात. दोन गटांच्या तुलनेत टी-मूल्य (फरक योगायोगाच्या चढउताराच्या किती पट आहे ते सांगणारा आकडा) म्हणजे डी गुणिले (एका गटातली संख्या भागिले दोन) याचं वर्गमूळ. २२ भागिले २ म्हणजे ११ आणि त्याचं वर्गमूळ ३.३२. पी-मूल्य (परिणाम नसतानाही एवढा फरक दिसण्याची शक्यता) ०.०५ च्या खाली जायचं, म्हणजे निकाल ‘सार्थक’ मानला जायचा, तर इथे टी किमान २.०२ हवा. २.०२ भागिले ३.३२, उत्तर ०.६१.

याचा अर्थ असा की या आकाराच्या प्रयोगात परिणाम ०.६१ पेक्षा लहान दिसला तर तो ‘सार्थक’ ठरतच नाही. खरा परिणाम समजा ०.२० असेल, तर असे शंभर प्रयोग केल्यावर साधारण दहांमध्येच सार्थक निकाल मिळेल आणि त्या दहांपैकी प्रत्येकात दिसलेला आकार ०.६१ किंवा त्याहून मोठाच असेल. नियतकालिकं सार्थक निकाल छापतात आणि उरलेले नव्वद प्रयोग कपाटात राहतात. ही चाळणी लहान परिणाम खाली सोडून देते आणि वर फक्त मोठे ठेवते. मग छापलेल्यांचीच सरासरी काढली की ती मोठी येणारच. २०१० च्या मेटा-अॅनालिसिसमध्ये फक्त प्रकाशित अभ्यास होते. त्या सगळ्यांत गट २२ चेच होते असं नाही, त्यामुळे ०.६१ आणि ०.६२ ही जवळीक शब्दशः घेऊ नये. पण लहान गटांच्या साहित्यात सरासरी कुठून येते, हे त्यावरून कळतं.

नुसत्या कपाटातल्या प्रयोगांनी मात्र एवढा डोलारा उभा राहत नाही. परिणाम खरोखर शून्य असेल तर योग्य दिशेने सार्थक निकाल शंभरात अडीच वेळाच मिळेल. त्या हिशोबाने न छापलेल्या प्रयोगांची संख्या हजारोंत जाईल आणि ते पटण्यासारखं नाही. उरलेलं काम विश्लेषणातली मोकळीक करते. २०११ साली जोसेफ सिमन्स, लीफ नेल्सन आणि उरी सिमन्सोन यांनी संगणकावर दाखवलं की चार साध्या सवलती एकत्र घेतल्या, तर खोट्या सार्थक निकालांचं प्रमाण ५ टक्क्यांवरून सुमारे ६१ टक्क्यांवर जातं. दोन मापांपैकी जे ‘चालेल’ ते घेणं, निकाल पाहून आणखी माणसं वाढवणं, लिंगासारखा घटक विश्लेषणात घालून पाहणं, तीनपैकी सोयीच्या दोनच स्थितींची तुलना करणं, अशा या सवलती आहेत. यातली एकही फसवणूक म्हणून केली जात नाही. प्रत्येक निर्णय त्या क्षणी रास्त वाटतो आणि म्हणूनच ही अडचण गंभीर आहे.

इव्हान कार्टर आणि मायकेल मॅककलो यांनी २०१४ आणि २०१५ मध्ये हेच तपासलं. अप्रकाशित प्रयोगही जमवले आणि ‘लहान प्रयोगात मोठा परिणाम’ या ठशासाठी दुरुस्ती केली. दुरुस्तीनंतर परिणाम शून्याहून वेगळा आहे असं ठामपणे म्हणता येईना. दुरुस्तीच्या त्या पद्धतींवरही आक्षेप आले आणि ते बिनबुडाचे नव्हते: अभ्यासांमध्ये फार विविधता असली की त्या पद्धती चुकतात. जुन्या आकड्यांची फेरमांडणी करून हा वाद मिटणार नव्हता, नवी मोजणी हवी होती.

ग्लुकोज

मधल्या काळात साठा म्हणजे प्रत्यक्ष काय, याचं एक उत्तर पुढे आलं होतं. मॅथ्यू गॅलियट आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये म्हटलं की तो रक्तातला ग्लुकोज असावा. साखरेचं लिंबू सरबत प्यायलेल्यांची कामगिरी टिकली, कृत्रिम गोडव्याचं प्यायलेल्यांची घसरली. सिद्धांताने शरीरातल्या एका मोजता येणाऱ्या पदार्थावर बोट ठेवलं ही मोठीच गोष्ट होती, कारण आता तो चुकीचा ठरू शकत होता. आणि अडला तो तिथेच. रॉबर्ट कुर्झबान यांनी २०१० मध्ये दाखवून दिलं की काही मिनिटांच्या मानसिक कामाने मेंदूची एकूण ऊर्जेची गरज फारशी बदलत नाही. २०१२ मध्ये डॅनियल मोल्डन आणि सहकाऱ्यांच्या प्रयोगांत साखरेच्या पाण्याने नुसती चूळ भरून थुंकल्यावरही कामगिरी सुधारली. पोटात न गेलेली साखर इंधन पुरवू शकत नाही. असा परिणाम असलाच, तर तो प्रेरणेशी जोडणं जास्त सयुक्तिक आहे.

२३ प्रयोगशाळा, एकच आराखडा

ती नवी मोजणी, म्हणजे २०१६ चा संयुक्त प्रयोग, मार्टिन हॅगर आणि निकोस चॅट्झिसारँटिस यांनी चालवला. ०.६२ चा आकडा काढणाऱ्यांतलेच हे दोघे, याची आवर्जून नोंद घ्यायला हवी. पद्धत अशी होती: कोणती कामं द्यायची, कुणाला वगळायचं, कोणता आकडा मुख्य धरायचा हे सगळं माहिती गोळा करण्याआधी लिहून नोंदवलं. निकाल काहीही आला तरी तो छापण्याचं नियतकालिकाने आधीच कबूल केलं. त्यामुळे चाळणीही गेली आणि मोकळीकही गेली.

पहिलं काम ‘ई’ अक्षराचं. संगणकावर एकेक शब्द येतो. सोप्या गटाने शब्दात ‘ई’ दिसला की कळ दाबायची. कठीण गटाने ‘ई’ दिसला तरी त्याच्या शेजारी किंवा एक अक्षर सोडून दुसरा स्वर असेल तर हात आवरायचा. दुसरं काम दोन्ही गटांना सारखं: तीन आकडे येतात, त्यांतला वेगळा ओळखून त्याची कळ दाबायची. ‘२२१’ आलं तर उत्तर १, पण तो तिसऱ्या जागी असल्याने बोट ३ कडे ओढलं जातं. मोजलं काय, तर प्रतिसादाचा वेळ किती हेलकावतो ते.

एकूण २,१४१ जण. परिणामाचा आकार ०.०४, विश्वास अंतराल (खरा परिणाम ज्या पट्ट्यात असण्याची अपेक्षा आहे तो) -०.०७ ते ०.१५. जुना ०.६२ या पट्ट्याच्या जवळपासही नाही.

सहभागींनी कठीण काम खरोखर जास्त कठीण आणि जास्त कष्टाचं होतं असं नोंदवलं होतं. प्रयोगाची रचना करणाऱ्याने ही तपासणी कधीही सोडू नये. ती नसती तर ‘पहिलं काम पुरेसं जड नव्हतं’ एवढं म्हणून शून्य निकाल बाजूला सारता आला असता.

तरीही आक्षेप आला आणि तो नीट ऐकण्यासारखा आहे. १९९८ च्या मूळ लेखातल्या ‘ई’ च्या कामात आधी एक छापील पान देऊन प्रत्येक ‘ई’ खोडायला लावत. हाताला सवय जडली की मगच नियम बदलत. संयम लागतो तो जडलेली सवय मोडायला. नव्या प्रयोगात सवय जडवण्याचा टप्पाच नव्हता, मग संयम खर्च कुठे झाला, असं बाउमाइस्टर आणि सिद्धांताच्या समर्थक कॅथलीन वोह्स यांनी विचारलं. मुद्दा तांत्रिकदृष्ट्या बरोबर आहे. पण त्याने सिद्धांताची एक जुनी कमजोरी उघडी पडते. कोणतं काम साठा खर्च करतं आणि किती, हे सिद्धांत आधी सांगत नव्हता. निकाल जुळला तर काम संयमाचं, न जुळला तर काम चुकलं, अशी सोय राहिली की कोणताही निकाल सिद्धांताला धक्का लावू शकत नाही. आणि ज्याला धक्का लागू शकत नाही, त्याला १९८ निकालांनी दिलेला आधारही त्याच प्रमाणात हलका होतो.

२०२१ : समर्थकांच्या पसंतीची कामं

म्हणून पुढची फेरी वोह्स यांच्याच नेतृत्वाखाली झाली. तज्ज्ञांशी चर्चा करून सिद्धांताला न्याय देणारी कामं निवडली, पूर्वनोंदणी केली. ३६ प्रयोगशाळा, ३,५३१ सहभागी. आकार आला ०.०६, सार्थक नाही. बेझच्या पद्धतीने पाहिलं तर साधारण ०.३० च्या परिणामाची अपेक्षा धरणाऱ्या परिकल्पनेपेक्षा ‘परिणाम नाही’ या परिकल्पनेखाली ही माहिती चार पट अधिक संभाव्य ठरली.

इथे ‘चार पट’ हा शब्द मोलाचा आहे. चार पट म्हणजे कल स्पष्ट, पण दार कायमचं बंद झालेलं नाही. वगळण्याचे नियम बाजूला ठेवून सगळ्या सहभागींचे आकडे घेतले तेव्हा ०.०८ चा सार्थक परिणाम दिसला आणि ज्यांनी जास्त थकवा नोंदवला त्यांच्यात तो मोठा होता. हे विश्लेषण आधी ठरवलेलं नव्हतं, त्यामुळे त्यातून पुढची परिकल्पना घेता येते, पण तिचा पुरावा म्हणून तेच आकडे पुन्हा वापरता येत नाहीत.

भारतातला निकाल

या प्रकरणाला भारतीय बाजूही आहे. वेरोनिका जोब, कॅरोल ड्वेक आणि ग्रेगरी वॉल्टन यांनी २०१० मध्ये मांडलं होतं की इच्छाशक्ती संपते असं मानणाऱ्यांचीच ती संपते. कृष्ण सावनी आणि जोब यांनी २०१७ मध्ये भारतीय सहभागी घेतले, तेव्हा उलटा परिणाम मिळाला: मन लावून केलेल्या पहिल्या कामानंतर दुसऱ्या कामातली कामगिरी सुधारली. मानसिक कष्टाने उत्साह वाढतो, असं मानण्याकडे भारतीयांचा कल जास्त होता. आपल्याकडे व्रत, पारायण, साधना यांबद्दल ज्या भाषेत बोललं जातं, तिच्याशी हे जुळतं आणि म्हणूनच ते पटकन खरं मानण्याचा धोका आहे. २०२१ च्या अभ्यासात इच्छाशक्तीविषयीच्या समजुतींनी निकालात फरक पडला नाही. भारतात मराठी, हिंदी, तमिळ अशा भाषांत सवयीचा टप्पा नीट बांधून असा अनेक केंद्रांवरचा प्रयोग व्हायला हवा. देवनागरीत ‘ई’ चं काम जसंच्या तसं चालणार नाही, कारण स्वर बहुतेक वेळा मात्रेच्या रूपात येतो. वेलांटीवर खूण करायला लावून सवय जडते का, हे आधी छोट्या चाचणीत पाहावं लागेल.

संख्या लहान, तरी पुरावा भक्कम

यावरून ‘माणसं जास्त म्हणजे पुरावा चांगला’ असा सरधोपट निष्कर्ष काढू नये. हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये विस्मरणाचा वक्र मांडला तो एकाच सहभागीवर, म्हणजे स्वतःवर. निरर्थक शब्दांच्या याद्या पाठ केल्या आणि काही काळाने पुन्हा पाठ करताना किती श्रम वाचतात ते मोजलं. २० मिनिटांनी बचत ५८ टक्के, तासाने ४४, एका दिवसाने ३४, ३१ दिवसांनी २१. याप ‍मुरे आणि यूरी ड्रोस यांनी २०१५ मध्ये हा प्रयोग पुन्हा केला, तोही एकाच व्यक्तीवर, आणि वक्राचा आकार तसाच आला. इथे अंदाज ‘काहीतरी कमी होईल’ एवढा ढोबळ नव्हता. प्रत्येक अंतराला विशिष्ट आकडा होता आणि एकाच माणसाच्या असंख्य मोजण्या होत्या. नेमका अंदाज आणि दाट मोजमाप असेल, तर एक माणूसही पुष्कळ सांगून जातो.

लघुप्रबंधासाठी हिशोब

एम.ए.च्या लघुप्रबंधात ३०-३० चे दोन गट घेण्याचा प्रघात आहे. खरा परिणाम ०.५० असला तरी अशा प्रयोगात तो सापडण्याची शक्यता ५० टक्क्यांहून थोडी कमी, आणि ०.२० असेल तर १२ टक्क्यांच्या आसपास. ८० टक्के पॉवर (खरा परिणाम असेल तर तो सापडण्याची शक्यता) हवी असेल तर ०.५० साठी प्रत्येक गटात ६४ आणि ०.२० साठी प्रत्येक गटात ३९३ जण लागतात. एवढे विद्यार्थी एका महाविद्यालयात मिळत नाहीत. तेव्हा प्रत्येक सहभागीला दोन्ही स्थितींतून न्यावं: एक आठवडा सोपं काम, दुसऱ्या आठवड्यात कठीण, आणि निम्म्यांचा क्रम उलटा. दोन वेळच्या गुणांमध्ये ०.७ एवढा सहसंबंध असेल, तर ०.२० च्या परिणामासाठी साधारण १२० जण पुरतात. मात्र सरावाने दुसऱ्या आठवड्यात सगळ्यांचीच कामगिरी सुधारते, म्हणून दुसऱ्या कामाचे दोन समतुल्य संच लागतात. सहसंबंधाचा आकडाही अंदाजाने धरू नये, तो आधी पंधरा-वीस जणांवर मोजला तरी कच्चाच येतो. त्यापेक्षा त्याच कामाच्या आधीच्या अभ्यासांतून तो घ्यावा आणि थोडा कमी धरून संख्या ठरवावी. पहिलं काम निदान अर्धा तास चालावं, कारण पाच-सात मिनिटांच्या कामावर दोन मोठ्या फेऱ्या होऊन गेल्या आहेत. कष्ट, अवघडपणा, थकवा आणि वैताग यांचे चार प्रश्न पहिल्या कामानंतर लगेच, दोन्ही स्थितींत सारख्याच शब्दांत विचारावेत. आणि थकवा हा मुख्य घटक म्हणून तपासायचा असेल, तर तसं पहिला सहभागी येण्याआधी ओपन सायन्स फ्रेमवर्क या संशोधन-आराखडे नोंदवण्याच्या संकेतस्थळावर नोंदवून तारीख घ्यावी.